दोन मिनिटांतलं हसू

जठारपेठेतल्या आमच्या शाळेला भिंतीला भिंत लावून एक घर आहे. त्या घरात वरण शिजायची वेळ आणि आमच्या परिपाठाची वेळ एकच. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रार्थना झाल्यावर मुख्याध्यापिकांनी सांगितलं की काल देशाच्या पार पूर्वेकडे दोन रेल्वेगाड्यांची धडक झाली, खूप माणसं गेली, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. पहिलीतल्या पोरांना दोन मिनिटं म्हणजे अर्धा दिवस. तरी बिचारी राहिली उभी. आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या कुकरने शिट्टी दिली, लांबलचक, शेवटी फुसफुसत बसणारी.

माझ्या वर्गातली एक मुलगी खुदकन हसली. मग तिच्या मागची हसली, आणि मग अख्खी रांग. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं.

राग आला की माझं शाळेतलं मराठी गळून पडतं आणि अमरावतीचं माहेर बोलायला लागतं. वर्गात गेल्यावर मी तिला उभं केलं. "तिकडे माणसं मेले अन् तुले हसू सुचून राहिलं? असं हासलं का अजून वाईट होते, समजलं?" उचलली जीभ लावली टाळ्याला. पाच मिनिटांनी मी फळ्यावर बाराखडी लिहीत होते आणि बोललेलं विसरूनही गेले होते.

पुढचा आठवडाभर ती गप्प होती. मला ते आवडलं. लिहायला लाज वाटते, पण आवडलं. एवढ्या पोरांत एक तोंड बंद झालं की तेवढंच बरं वाटतं.

आठव्या दिवशी तिची आजी मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, आमची पोट्टी हासत काहून नाही?" तिने सरळच विचारलं. "कार्टून लावून देतलं तं टीव्हीकडे पाठ करून बसते. तिचा बाप रोज रेल्वेनं बडनेऱ्याले अप-डाउन करते. तो घरून निघाला का ही तोंडावर हात ठेवून दारात उभी. गाडीतून उतरलो म्हणून त्याचा फोन येतवरी दुधाचा घोट घेत नाही. शाळेत कोणी काही बोललं का तिले?"

"पाहते मी," एवढंच मी म्हटलं. कोण बोललं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण त्या बाईसमोर ते कबूल करायची माझी छाती झाली नाही.

मुलीला जवळ बसवून विचारलं.  ती हळूच म्हणाली, "मी हासली ना मॅडम. मंग संध्याकाळी टीव्हीत सांगतलं, अजून मेले."

आकडा वाढला होता, हे खरं होतं. अशा अपघातानंतर तो वाढतच जातो. मी समजावलं की ती माणसं आधीच जखमी होती, दवाखान्यात होती, तुझ्या हसण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती "हो मॅडम" म्हणाली. पोरांचं हे 'हो मॅडम' मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. त्याचा अर्थ, तुमचं झालं असेल तर मी जाऊ का. तिचं तरी काय चुकलं? हसल्याने वाईट होतं हे मॅडमनीच सांगितलं आणि होत नाही हेही मॅडमच सांगत होत्या.

घरी जाताना मला माझीच गोष्ट आठवली. मी तिच्याएवढी होते तेव्हा पंतप्रधानांची हत्या झाली. आईने बजावलं होतं, आज खेळायचं नाही. मी मागच्या पायरीवर लपून सागरगोटे खेळले. वडील त्या दिवशी अचलपूरला गेले होते. एसटी बंद झाल्या आणि ते रात्री परतलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी आले. एसटी माझ्या सागरगोट्यांनी बंद पडल्या, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. देशाचं काय झालं ते मला पुढे पुस्तकात कळलं. आठवण म्हणून माझ्याजवळ तेवढीच पायरी आहे, आणि आईच्या पावलांची भीती. मी हे कधी कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. या पोरीलाही हे तसंच आयुष्यभर वागवायला लागेल, या विचाराने मी हबकले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. आजीला म्हटलं, पाच मिनिटं द्या. रिकाम्या वर्गात आम्ही दोघी त्या माणसांसाठी पुन्हा शांत उभ्या राहिलो, आणि मधेच मी हसले. मुद्दाम, मोठ्याने. मेलेल्या माणसांची मनातल्या मनात माफी मागून हसले. ती हसली नाही. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत राहिली.

"आता काय होते, मॅडम?"

"आता काहीच होत नाही. उद्या पाहू आपण."

मी मूर्ख नव्हते. पेपर बघून ठेवला होता, चार दिवसांत आकडा हलला नव्हता.

सकाळी पेपर उघडला तर आतल्या पानावर चार ओळी होत्या. जखमींपैकी आणखी एक जण रात्री दवाखान्यात दगावला.  तिच्या घरी सकाळी बातम्या लागतात हे मला माहीत होतं. रिक्षात बसून शाळेत पोचेपर्यंत मी काय सांगायचं ते घोकत होते, आणि एकही वाक्य जमत नव्हतं. शहाणपणा करायला गेले आणि पोरीच्या मनातलं भूत मीच खरं करून ठेवलं.

ती फाटकाशी माझी वाट पाहत होती. आजीचा हात सोडून आली, माझं बोट धरून मला फाटकाजवळच्या भिंतीकडे घेऊन गेली. इकडेतिकडे पाहिलं.

"मॅडम, तुमचं मी कोणालेच सांगत नाही," ती म्हणाली. "तुमी घाबरू नका. तुमी का मुद्दाम मारलं त्या माणसाले?"

  मी विचारलं, "अन् तू?"

 आत प्रार्थनेची घंटा झाली. तिने माझं बोट आणखी घट्ट धरलं.

"मी बी नाही मारलं," ती म्हणाली. आणि आठवड्यापासून अडकलेलं रडू तिला फुटलं. मीही तिथेच, फाटकाशी, सगळ्या पालकांसमोर रडले.