रुगायाचा तळहात

मलेशियातल्या मुआर गावच्या बाजाराच्या टोकाला रुगायाच्या बापाचं वर्कशॉप. वीस वर्षं तिथली इंजिनं रुगायाच बांधते. पण बाईनं इंजिन बांधलं म्हटलं की समोरच्या टपरीवर सकाळी साताय, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, खात बसलेल्यांच्या भुवया वर जायच्या. जायच्या तर जायच्या! गाडी धडधाकट पळाली की तोंडं आपोआप मिटायची.

यंदा मात्र ती मिटेनात. पेंघुलूंच्या, म्हणजे गावच्या मुखियाच्या, पुतण्याची, हझवानची गाडी तिनं पूर्ण उघडून नव्यानं बांधली आणि टर्बो चढवला. देण्याआधी तासभर उभी ठेवून चालवली, मीटरची सुईसुद्धा हलली नाही. आठवड्यानं तीच गाडी परत आली. उभ्या गाडीला हुडहुडी भरलेली, सिग्नलला बंद पडायची.

"कशाला हात लावलायस?" रुगायानं विचारलं.

"अल्लाशपथ, कशालाच नाही, ताई."

तिनं विश्वास ठेवला, आणि तिथंच फसली. प्लग काढले, टायमिंग तपासलं, इंजेक्टर धुतले, नळ्या चाचपल्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. म्हणजे इंजिन ठणठणीत! तिनं गेज रोसलानसमोर धरला. रोसलान म्हणजे पगारी कारागीर. तो नुसता हसला.

"गेजचं काय घेऊन बसलीस, ताई? गाडी थरथरतेय ना?"

चौथ्या दिवशी बापानं, हाजी सुलोंगनं, तिला बाजूला घेतलं. "उद्यापासून इंजिनं रोसलान उघडेल. तू टायर बघ, ऑइल बघ."

"आबा, हे हात तुम्हीच घडवलेत ना?"

"लोक बोलतात, गं."

लोक! रुगायाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या बापानं बाराव्या वर्षी हाती पाना दिला, त्यालाच टपरीवरच्या रिकामटेकड्यांचं खरं वाटावं?

ती तडक गाडीखाली शिरली आणि पुढच्या बंपरचं खालचं प्लास्टिक खोललं. तिनं बसवलेली वस्तू तिथं नव्हतीच! टर्बोची जादा हवा आत परत पाठवणारा व्हॉल्व्ह तिनं बसवला होता. त्याजागी हवा बाहेर फेकणारा, गिअर बदलताना फुस्स करणारा एक चकचकीत व्हॉल्व्ह होता. इथल्या पोरांना त्या फुस्सचं भारी वेड. चार पोरांनी माना वळवल्या की ह्यांना स्वर्ग दोन बोटं! त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग एवढी मऊ, की गाडी उभी असताना त्याच तोंडातून न मोजलेली हवा आत शिरत होती आणि इंजिन गोंधळत होतं.

तिनं हझवानला हाक मारली, गाडी चालू करायला लावली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर तळहात दाबला. थरथर जागच्या जागी थांबली. हात काढला, पुन्हा हुडहुडी.

हझवानचा चेहरा पडला. "ताई, सांगू नका कुणाला. काका मला घरात घेणार नाहीत."

आणि बाप काय म्हणाला? "पेंघुलूंच्या घरची अब्रू आहे. बोल्ट सैल राहिला होता म्हणून सांग, मिटव."

"बोल्ट? माझा?" रुगाया कडाडली. "त्याच्या अब्रूसाठी माझी विकू? ह्याचा खोटेपणा मी माझ्या कपाळी मारून घेऊ? नाही जमणार!"

तिनं पहिल्यासारखाच दुसरा व्हॉल्व्ह कपाटातून काढला, पण बसवला नाही. "जोवर ह्या चुकीची कबुली टपरीवर होत नाही, तोवर गाडी अशीच थरथरेल. कबुली ह्यानं द्यावी नाहीतर तुम्ही, मला फरक पडत नाही."

हझवाननं मान खाली घातली, पण पाय काही उचलला नाही. शेवटी हाजी सुलोंगच रस्ता ओलांडून गेला. चहाचे पेले थांबले.

"पोरानं आवाजासाठी भलताच व्हॉल्व्ह बसवला," तो म्हणाला. "आमच्या वर्कशॉपचं इंजिन उत्तम आहे."

आमच्या वर्कशॉपचं! रुगाया हात पुसत दारात उभी होती. तिनं रस्त्यापलीकडून हाक मारली, अख्ख्या टपरीला ऐकू जाईल अशी, "आबा, ते बांधलं कुणी?"

म्हाताऱ्यानं टोपी नीट केली. घसा खाकरला. "रुगायानं," तो म्हणाला. "आणि मी तिच्या हातातलं काम काढून घेत होतो. टपरीचं ऐकून."

रुगायाचे डोळे भरून आले, पण राग काही उतरला नाही.

"एवढं बोलायला चार दिवस लागले?" ती म्हणाली, आणि व्हॉल्व्ह घेऊन गाडीखाली शिरली.