पहिल्या रविवारचे केसपेपर

माझे मामा हॉस्पिटलात नोकरीला आहेत असं कळलं की काही माणसं लगेच जीभ बाहेर काढून दाखवतात. मग सांगावं लागतं, की ते डॉक्टर नाहीत, रेकॉर्डरूममध्ये असतात. जीभ आत जाते आणि मामांमधला रसही संपतो. मामांना ते फार बरं वाटतं.

रेकॉर्डरूम तळमजल्याच्याही खाली आहे. लांबट खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांत नाडीनं बांधलेले केसपेपरांचे गठ्ठे. भिंतीत एक खिडकी आहे, पण ती पुस्तकाएवढी. वरच्या मजल्यावरची सिस्टर तिच्यातून क्रमांकाची चिठ्ठी सरकवते. मामा शिडी ओढतात आणि चौदा वर्षांपूर्वीचा कागद दोन मिनिटांत तिच्या हातात देतात. सत्तावीस वर्षांत त्यांच्याकडून एक कागद हरवलेला नाही. माणसांवर मामांचा जीव आहे, नाही असं नाही. फक्त ती कागदावर असावीत, एवढंच. कागदावरचा माणूस पाठीवर थाप मारत नाही, आणि ‘काय मग, विशेष काय?’ असंही विचारत नाही. या प्रश्नाला मामा आयुष्यभर घाबरत आले आहेत. विशेष काहीच नसतं, आणि तसं सांगितलं तर समोरचा नाराज होतो.

तर अशा माणसाच्या मुलीनं, म्हणजे माझ्या मामेबहिणीनं, लग्नासाठी जो मुलगा पसंत केला त्याच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बावीस माणसं जमतात. भाऊ, बहिणी, जावई, सुना, सगळे येतात आणि सगळे एकाच वेळी बोलतात. मुलाचे वडील मोठ्या आवाजाचे, दिलदार गृहस्थ. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, “आमचं बाकी काही मागणं नाही हो. माणूस मोकळा पाहिजे. एक घुमा माणूस घरात आला की वीस जणांच्या तोंडची चव जाते.”

मामा हसले. कसे हसले ते मी पाहिलं. दाढ काढायला बसलेला माणूस डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून हसतो, तसे.

परतताना गाडीत माझी मामेबहीण एवढंच म्हणाली, “बाबा, थोडं बोलाल ना? थोडंच.”

मामांनी ते फार मनावर घेतलं. त्यांना एकच विद्या येते, ती त्यांनी कामाला लावली. हॉस्पिटलातले जुने, रद्द झालेले तळहाताएवढे फॉर्म त्यांच्याकडे पडून होते. नाव, तक्रार, लक्षणे, निदान, उपचार, असे रकाने छापलेले. त्यांवर त्यांनी त्या घरातल्या एकेका माणसाचा केसपेपर तयार केला. ही गोष्ट मामीलाही ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, कारण गाडी मी चालवायचो, आणि मामी नि मामेबहीण तयार होईपर्यंत पेट्रोल भरायच्या निमित्तानं मामांना एकट्यांना बाहेर नेऊन त्यांची परीक्षाही मीच घ्यायचो.

“थोरले जावई?” मी विचारायचो.

“तक्रार, गाडीचं मायलेज. लक्षणे, किल्ली फिरवत राहणे. उपचार, ‘चढावर कशी आहे?’ असं विचारून मान हलवणे.”

“किती वेळ?”

“किल्ली खिशात जाईपर्यंत.”

पाच महिने हे औषध अफाट लागू पडलं. मामा त्या घरातले सगळ्यात लाडके पाहुणे झाले. ‘आले, आले, मोकळे व्याही आले!’ अशी दारातच आरोळी उठायची. आणि मामा? शनिवारी दुपारपासून त्यांच्या पोटात गोळा. रविवारी सकाळी हात गार. घरी परतले की अंधाऱ्या खोलीत दोन तास भिंतीकडे तोंड करून पडायचे. मामीला वाटायचं, जेवण जास्त झालं. सोंग जितकं वठत होतं, तितकी मामांची भीती वाढत होती. न आवडणाऱ्या माणसाला लोक एकदाच बोलावतात. आवडलेल्या माणसाची सुटका नाही.

सहाव्या रविवारी जेवणानंतर लग्नाची तारीख ठरायची होती. त्या दिवशी मामा गाडीत तीन कागद चुकले. मी म्हटलं, “मामा, होतं असं.” ते म्हणाले, “माझ्याकडून होत नाही.” 

जेवणाआधी ते बाथरूममध्ये गेले. नेहमीच जायचे. आत कडी लावून गठ्ठा काढायचा आणि एक उजळणी करायची. आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रेकॉर्डरूमचा पहिला नियम असा, की ओल्या हातानं कागदाला शिवायचं नाही. कागद आधी उंच, कोरड्या जागी ठेवायचा, हात पुसायचे, मग उचलायचा. दुसऱ्या कोणी गठ्ठा कोंबला असता ओल्या हातानं खिशात. मामांनी तो आरशावरच्या फळीवर घडीच्या टॉवेलांशेजारी नीट सरळ करून ठेवला आणि हात धुतले. तेवढ्यात बाहेरून दारावर थाप पडली. “व्याही, झोपलात की काय!” मामा दचकले, हात पँटला पुसले आणि बाहेर आले. आत गेले ते मुलाचे वडील.

मामा हॉलमध्ये येऊन माझ्याशेजारी बसले. समोरून थोरले जावई किल्ली फिरवत आले. मामांनी सवयीनं खिसा चाचपला. मग दुसरा. मग पहिलाच पुन्हा. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं असं आपण नुसतं म्हणतो. मी ते कपाळापासून गळ्यापर्यंत उतरताना पाहिलं.

“फळीवर,” ते ओठ न हलवता म्हणाले.

“कुठल्या?”

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. आम्ही दोघं उठून दारापाशी जाऊन उभे राहिलो. दोन मोठे पुरुष बाथरूमच्या दाराला कान लावून उभे आहेत, हे दृश्य कसं दिसतं याची फिकीर तेव्हा नव्हती. आत नळ चालू होता. मग बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. नळ बंद झाल्यावर माणूस बाहेर यायला किती वेळ लागतो? मामांनी माझं मनगट धरलं. 

“तिचं लग्न मोडलं,” ते म्हणाले. “मी मोडलं.”

आणि आतून हसू आलं. बंद बाथरूममध्ये एकटाच माणूस मोठ्यानं हसतो, तेव्हा बाहेरच्याचं काय होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. दार उघडलं. मुलाच्या वडिलांच्या हातात गठ्ठा होता आणि डोळ्यांत हसून हसून पाणी.

“अरे, सगळे इकडे या! आपल्या व्याह्यांनी बघा काय लिहून आणलंय! सगळ्यांचे केसपेपर! आणि खुशाल फळीवर लपवून ठेवलेत, म्हणजे ऐन वेळी काढणार!”

त्यांना वाटलं, करमणुकीचा कार्यक्रम आहे. पाच महिन्यांचं सोंग इतकं पक्कं बसलं होतं, की खरं हातात पडलं तरी ते त्यांना सोंगच वाटलं. बावीस माणसं खुर्च्या ओढून बसली. मामांना मध्ये उभं केलं. मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हे काय आहे रे?” मी म्हटलं, “मामी, तुम्ही बसा.” दाराशी माझी मामेबहीण उभी होती. ती बसली नाही.

“वाचा!” वडील ओरडले. “पहिला माझा!”

मामांनी वाचलं. आवाज थरथरत होता. “नाव, व्याही. तक्रार, तरुणपणी नदी पोहून गेल्याची गोष्ट. लक्षणे, दर खेपेला नदी रुंद होते. निदान, जुनाट. उपचार, ‘मग पुढे?’ असे दर दोन मिनिटांनी विचारणे.”

घर कोसळतं की काय असं हसू झालं. “आणि आवाज काय काढलाय हो! थरथरता!” कोणीतरी म्हणालं.

“आता माझा,” मुलाची आई म्हणाली.

“नाव, विहीणबाई. तक्रार, गुडघा. निदान, गुडघा दुखतो, त्याहून जास्त हे दुखतं की घरात कोणी विचारत नाही. उपचार, विचारणे. दहा मिनिटे लागतात. लागू द्यावीत.”

या वेळी हसू जरा उशिरा आलं. विहीणबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, “खरं आहे ते.”

मग मुलाची आत्या. ही वडिलांची थोरली बहीण. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची आणि पाच महिन्यांत मामांशी पाच शब्दही बोलली नव्हती. त्या घरात मामांना सगळ्यात जास्त भीती तिची. “नाव, आत्या,” मामांनी वाचलं. “तक्रार, नाही. लक्षणे, नुसती बघत राहते. निदान, हिने ओळखले आहे. उपचार, लांब बसणे.”

“काय ओळखलंय गं?” वडिलांनी हसत विचारलं. आत्या मामांकडे बघत राहिली.

गठ्ठ्याच्या तळाशी एक कागद राहिला होता. मामांनी तो दुमडायला घेतला, पण वडिलांनी तेवढ्यात वाकून पाहिलं. “अरे! हा तर स्वतःचाच! हा वाचल्याशिवाय जेवण नाही!”

मामांनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग वाचायला लागले. आता आवाज थरथरत नव्हता. तळघराच्या खिडकीतून क्रमांक वाचून दाखवावा, तसा सपाट होता.

“नाव, मी. तक्रार, माणसांची भीती. लक्षणे, शनिवारपासून पोट बिघडणे, हात गार पडणे, आपण कधी उघडे पडू याची वाट बघणे. कधीपासून, आठवत नाही. उपचार...” ते थांबले. “पुढे लिहिलेलं नाही.”

आधी सगळे हसले. मग निम्मे. मग वडील एकटेच मांडीवर थाप मारत म्हणाले, “काय नट आहे हो हा माणूस!”

“नाही,” मामा म्हणाले. “नाटक मागचे पाच महिने केलं. हे खरं आहे. मी घुमा आहे, व्याही. तुम्हाला चालत नाही तो. मुलगी तशी नाही, तिला त्यात धरू नका.”

 वडिलांचा हात मांडीवर तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला.

“म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “माझ्या गोष्टीला तुम्ही हसायचात, ते... उपचार होता?”

इथे कोणीही शहाणा माणूस खोटं बोलला असता. मामांना सोंग पाठ करून आणता येतं, ऐन वेळचं खोटं बोलता येत नाही. “पहिल्यांदा मनापासून हसलो होतो,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदाही, थोडंसं.”

“मी पहिल्यांदाही नव्हते हसले,” कोपऱ्यातून आत्या म्हणाली.

वडील उठले आणि गॅलरीत गेले. काचेचं दार त्यांनी मागे ओढून घेतलं. बावीसपैकी एकवीस माणसं मामांकडे बघत होती. मामीनं माझा दंड असा धरला होता की दोन दिवस वळ राहिला. मुलगा माझ्या मामेबहिणीशेजारी जाऊन उभा राहिला.

मामांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ते गॅलरीत गेले. जाऊ नका, असं मी म्हणणार होतो. काचेतून आम्हाला दोन पाठी दिसत होत्या, एक रुंद आणि एक अरुंद. दोघांमध्ये हातभर जागा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी कोणाकडे वळलं नाही, कोणाचा हात हलला नाही. वडिलांच्या जिभेला एवढी विश्रांती बहुधा जन्मात मिळाली नसावी. आत विहीणबाई पुटपुटल्या, “ढकलणार बिकलणार तर नाहीत ना?” आणि आत्या म्हणाली, “गप बस गं. त्यांना राहू दे.”

पंधरा मिनिटांनी दार उघडलं. वडील आत आले, घसा खाकरला आणि नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाले, “जेवणं वाढा. तारीख पंधरा ठरवू या. आणि ताई, पुढच्या महिन्यापासून तुझ्या कोपऱ्यात आणखी एक खुर्ची टाक.”

जेवताना मामा कोणाशी एक शब्द बोलले नाहीत, आणि कोणी त्यांना बोलायला लावलं नाही. ते गप्प बसणं आम्हालाच जड जात होतं. मामा मात्र पहिल्यांदाच त्या घरात दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

परतताना मामीनं विचारलं, “गॅलरीत काय बोलणं झालं?”

“विशेष काही नाही.”

“अहो, पंधरा मिनिटं!”

“शेवटी त्यांनी विचारलं, आत्ता भीती वाटतेय का. मी म्हटलं, हो, तुमची. ते म्हणाले, मलाही वाटतेय, तुमची.” मामांनी खिडकीची काच खाली केली. “ते हसतात ना एवढं, ते कोणी गप्प बसलं की त्यांना कसंतरी होतं म्हणून. लोक उठून जातील असं वाटतं. माणूस बरा आहे.”

घर अजून दोन किलोमीटर असताना मामा म्हणाले, “मला इथं उतरव. आजच्या पुरती माणसं झाली.”

मामी बोलायला लागली, मी तिला खुणेनं थांबवलं आणि गाडी कडेला घेतली. मामा उतरले आणि फुटपाथनं चालायला लागले, मान खाली, हात खिशात. मी गाडी सुरू करणार तोच मागचं दार पुन्हा उघडलं. मामेबहीण उतरली होती.

“तू कुठं?” मामी म्हणाली. “त्यांना एकटं राहायचंय.”

“मलापण,” ती म्हणाली.

मी गाडी तिथंच थांबवून ठेवली. ती मामांच्या दहा पावलं मागून चालत होती. मामांना ते कळलं असावं, कारण त्यांची चाल किंचित मंदावली. पण ते मागे वळले नाहीत, आणि तिनंही त्यांना हाक मारली नाही. पुढच्या वळणापर्यंत ती दोघं तशीच गेली, मध्ये दहा पावलं ठेवून.