बिबळ्याचा पेला

प्रयोगशाळेत माझे विद्यार्थी बिबळ्याच्या लाकडाचा अर्क काढताहेत. त्यातलं कोणतं द्रव्य रक्तातली साखर उतरवतं, ते शोधायचंय. त्या ओल्या, तुरट वासानं मी थेट मंठ्याला पोचलो, सासुरवाडीच्या पहिल्या जेवणावर.

सोयरीक जमवताना आम्ही माझी शुगर लपवली होती. सगळे पुरणपोळीचा आग्रह करत होते. सासूबाईंनी मात्र ताटाशी बिबळ्याच्या लाकडाचा नवा पेला ठेवला. आत लालसर पाणी.

"रातीच पाणी घालून ठिवल्तं यात, पाव्हणं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या शुगरचं मला कळालंय. पोरीला मी न्हाई सांगणार, तुम्हीच सांगा."

मी खालमानेनं पेला रिकामा केला.

निघताना पेला मी बरोबर आणला आणि प्रयोगशाळेत दडवून ठेवला. रोज त्यातलं पाणी प्यायचो आणि उद्या सांगू म्हणायचो. बायकोला सांगितलं, तोवर लाकडातला सगळा रंग उतरून गेला होता.