सिद्धेशच्या गळ्यात पडलेली लायब्ररी

माझा नवरा सिद्धेश स्वभावाने गरीब आहे, आणि गरीब स्वभावाच्या माणसाने इंटरनेटवर कुणाची चूक दुरुस्त करायला जाऊ नये.

झालं असं, की ऑफिस सांभाळून तो नायगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणारी वेबसाइट लिहीत होता. पानावरचा कोड नुसता काळा न दिसता त्यातले शब्द कामाप्रमाणे रंगीत दिसले, तर नवशिक्याला सोपं जातं. असे रंग देणारे तयार कोडचे संच फुकट मिळतात, त्यांना लायब्रऱ्या म्हणतात. मी साडी निवडायला घेत नाही एवढा वेळ त्याने त्यातली एक निवडायला घेतला. सगळ्यांत नावाजलेलीत मराठी शब्द फुटायचा, अक्षर एका रंगात आणि वेलांटी दुसऱ्यात. शेवटी परदेशातल्या एका माणसाने एकट्याने बनवलेली छोटी लायब्ररी त्याला पसंत पडली. तिच्यातही एक चूक निघाली, ती याने दुरुस्त करून पाठवली.

अशा लायब्रऱ्या बनवणाऱ्यांत जो दुरुस्ती पाठवतो तोच पुढे कामाला सापडतो. त्या माणसाने आभार मानले, आणि थोड्याच दिवसांत लायब्ररीचे सगळे पासवर्ड याच्या हवाली करून स्वतः मोकळा झाला. सिद्धेशला तो मान वाटला. मी तर पेढे आणले होते. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

तेव्हापासून ब्राझीलमध्ये कुणाचे रंग उडाले, तरी तक्रार नायगावला येते. ऑफिसातून आला की हा लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बसतो, आणि वर लोकांची बोलणी खातो. रविवारी आम्ही स्कूटरवरून अर्नाळ्याच्या समुद्रावर जायचो, ते बंद झालं. जिच्यासाठी एवढी निवड केली, त्या वेबसाइटचा नववा धडा दोन वर्षं अर्धाच पडलाय. सोडून दे म्हटलं, तर म्हणतो, कितीतरी लोकांची पानं यावर उभी आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गेल्या महिन्यात चंदनसारहून तेजस्वी नावाच्या शिक्षिकेचा मेल आला. विद्यार्थ्यांच्या नोट्ससाठी सरांची लायब्ररी घेऊ की ती नावाजलेली, असं तिने विचारलं होतं. सरांना मदत लागली तर आनंदाने करीन, असंही लिहिलं होतं. मला देवच पावला.

"पासवर्ड देऊन टाक तिला," मी म्हटलं. "तुला दिले तसेच."

त्याने तिचा मेल पुन्हा उघडला. "नको गं. आपण कशात पाय घालतोय, हे तिला कुठे माहितीये?"

त्याने तिला कळवलं, की ती नावाजलेलीच घ्या, मराठी शब्द फुटतात तेवढं मी त्यात दुरुस्त करून पाठवतो. आणि पाठवलंही. शनिवारी त्या नावाजलेल्या लायब्ररीवाल्यांचं उत्तर आलं. आभार मानून त्यांनी विचारलं होतं, यापुढे मराठीचं तुम्हीच बघाल का?

रविवारी एकटीच अर्नाळ्याला गेले. संध्याकाळपर्यंत परतायचंच नाही, असं ठरवलं होतं. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, वारा छान होता, पण मला बसवेना. हा जेवला नसेल, एवढंच डोक्यात. मांदेली घेऊन परत फिरले.

तो तिथेच बसला होता. "इतक्यात आलीस?"

"त्यांना हो म्हणालास?"

"हो."

भांडावं असं फार वाटलं. त्याला त्या लायब्रऱ्या सोडवत नाहीत, आणि मला तो. मी म्हटलं, "मांदेली आणलीय."