बत्तीगुल कशासाठी यायचा

परवा देवासला गोलूच्या दुकानात मी एका कार्टूनच्या व्हिलनवरून भांडलो... आणि हरलो.

गोलूचं टेकडीच्या पायथ्याशी सीडीचं दुकान आहे. मी गेलो होतो मोबाईलचा चार्जर बघायला. महिनाभर उदयनगरकडे एका मित्राच्या जीपवर होतो, तिथे जुना हरवला, आणि त्याचीही एक मोठी स्टोरी आहे... पण ते राहू दे.

दुकानात चार-पाच जण बसले होते, विषय निघाला लहानपणीच्या एका कार्टूनचा. हिंदीत डब होऊन संध्याकाळी लागायचं, लाल जॅकेटवाला उडणारा हीरो होता. पण हीरोबद्दल कोणी बोलतच नाही, गाडी नेहमी व्हिलनवर येते.

आमचा लाडका व्हिलन अख्ख्या शहराची वीज घालवायचा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही बत्तीगुल म्हणायचो. त्या वर्षांत आमच्याकडेही रोज संध्याकाळी लाईट जायची, म्हणून तो अगदी घरचाच वाटायचा.

तर प्रश्न असा, की तो हे करायचा कशासाठी? एक म्हणाला बदला, दुसरा म्हणाला त्याला राज्य पाहिजे होतं. मी म्हटलं, नाही भिया... त्याची मुलगी त्या शहरात राहते. त्याला तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून सगळीकडे अंधार करतो आणि तिच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहतो. ती मेणबत्ती लावून अभ्यास करत असते. तो बघतो आणि निघून जातो, चोरत काही नाही.

दुकान एकदम गप्प झालं. मग गोलू म्हणाला, "भिया, तू कौनसा कार्टून देख के आया?"

त्याच्याकडे सगळे एपिसोड होते, त्याने बत्तीगुलचाच काढून लावला. अंधार झाला, बत्तीगुल म्युझियममध्ये शिरला, हिरा उचलला, मोठ्याने हसला. मुलगी नाही, खिडकी नाही... मी म्हटलं डबिंगमध्ये कापलं असेल. पोरं अजून हसतायत.

आता ही मुलगी मला कुठून माहीत, ते सांगतो. धारला माझा मावसभाऊ आहे नितीन, माझ्याच वयाचा. देवासला लाईट नेमकी कार्टूनच्या मध्यातच जायची. धारला म्हणे आधी जायची आणि तोपर्यंत परत आलेली असायची. म्हणजे पहिला अर्धा भाग मी बघायचो, दुसरा नितीन.

रविवारी आईबरोबर धारला गेलो की आम्ही दोघं ओट्यावर बसून एपिसोड जोडायचो. माझा भाग मी कसातरी उरकायचो. नितीन मात्र हात मागे बांधून, बत्तीगुल कसा चालतो ते करून दाखवत, सावकाश सांगायचा... मी त्याचसाठी जायचो खरं तर. आणि मावशीच्या हातच्या शेवेसाठी.

तर परवा गोलूच्या दुकानातून घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं, गंमत म्हणून. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नितीनने कुठे पाहिलं रे? त्यांच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता."

असं कसं, होता की. लाकडी शटरची पेटी, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. आम्ही जायचो तेव्हा पेटीला कुलूप असायचं, मावशी म्हणायची परीक्षा झाली की उघडू. मला वाटायचं, नितीनला कार्टूनपुरती उघडून देत असेल.

आई म्हणाली, पेटी रिकामी होती. नितीनचे बाबा ट्रकच्या धंद्यात होते, त्यांनी धामनोदला दुसरा घरोबा केला. जाताना टीव्ही घेऊन गेले. पेटी मावशीने आल्यागेल्याला दिसावी म्हणून तशीच ठेवली. आम्हा पोरांना एवढंच माहीत होतं, की काका गाडीवर असतात.

मी तिथेच मेथीच्या काड्या मोडत बसलो... आणि मला कंदील आठवला.

आम्ही धारला असताना लाईट गेली की नितीन कंदील पेटवून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचा आणि पुस्तक घेऊन तिथेच बसायचा. मावशी ओरडायची, मला इथे चूल दिसत नाही आणि हा रस्त्याला उजेड दाखवतोय. तो ऐकायचा नाही. मला वाटायचं, काय अभ्यासू आहे... घरी आई त्याचं उदाहरण द्यायची, म्हणून रागही यायचा.

गोष्टीत त्याने मुलाची मुलगी केली होती, एवढंच.

काका खरंच कधी त्या खिडकीसमोर आले का, मला माहीत नाही. आईलाही नाही.

काल नितीनला फोन केला. तो आता पीथमपूरला कारखान्यात आहे, आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलंय. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, बत्तीगुल आठवतो का? हसला. म्हणाला, रूमवर एकाचा कॉम्प्युटर आहे, मागच्या वर्षी सगळे एपिसोड बघून टाकले.

"चोर होता रे तो," नितीन म्हणाला. "हिरा न्यायला यायचा. बाकी काही नव्हतं."

मी म्हटलं, "आणि ती खिडकी?"

"लहान होतो आपण," तो म्हणाला. मग शिफ्टची बस आली म्हणून फोन ठेवला.

मला सांगायचं होतं, की तुझ्या गोष्टीने गोलूचं अख्खं दुकान गप्प झालं होतं. ओट्यावर असताना एकदा तरी विचारायला हवं होतं, की त्या मुलीला कळायचं का रे, बाहेर कोण उभं आहे... मी फक्त पुढे काय झालं, पुढे काय झालं करत राहिलो. आता विचारून उपयोग नाही, आता त्याने खरा एपिसोड पाहिलाय.

गोलू म्हणतोय, सीडी घरी ने, नीट बघ. नाही आणली. पहिला भाग मी पाहिलाय आणि दुसरा नितीनने सांगितलाय... माझं कार्टून तेवढंच.