माझ्या पुतणीचा तबला मी आज रिजेक्ट केला

मित्रांनो, आज माझी मस्करी माझ्याच अंगलट आली.

माझी पुतणी परी आठ वर्षांची, तबला शिकती. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, चाकणला कंपनीत सुपरवायझर. त्यानं घरात पण टार्गेट लावलंय. रोज तीनताल वीस वेळा वाजवला की फ्रिजवरच्या तक्त्यात एक टिक. तीस टिका झाल्या की स्केटिंगचे बूट.

मग काय, पोरगी नुसती बडवत सुटली. दोन मिनिटांत वीस पूर्ण.

आज मी दादाचं जुनं आयकार्ड गळ्यात घालून क्वालिटीवाला साहेब बनलो. तबल्यावर लाल चिकटपट्टी लावली आणि म्हटलं, "मॅडम, सगळा माल रिजेक्ट."

मला वाटलं हसंल. ती रडायलाच लागली. "मला तबलाच नको काका. बूट पण नको."

पट्टी काढली, तिच्यासमोर मांडी घातली. म्हटलं, "मला शिकव की."

"तुला नाय जमणार," म्हणली. पण माझं बोट धरून कुठं मारायचं ते दाखवलं. मी चुकलो की स्वतः हळू वाजवून दाखवायची. तासभर बसलो असू. तिनं मोजलं पण नाही आणि टिक पण मागितली नाही. उठताना म्हणली, "उद्या नखं कापून ये."

आता दादा शिफ्टवरून येईल आणि आजची टिक कुठंय म्हणून विचारंल. मला वाटतंय, बूट तिला असेच घेऊन द्यावेत. तुम्ही पोरांना असं बक्षीस लावता का? दादाला कसं समजावू, सांगा.