समुद्राच्या बाजूने बसणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई तांडेल कोणताही नकाशा आधी उलटा फिरवायच्या. समुद्र स्वतःकडे, जमीन पलीकडे. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात, बंदरं आखणाऱ्या ऑफिसात युनिव्हर्सिटीतर्फे माझी प्लेसमेंट सुरू झाली, त्या दिवशी मी त्यांच्या समोर, म्हणजे जमिनीकडे बसले. त्या म्हणाल्या, "अगं, इकडे ये. बंदराची परीक्षा बोट घेते, आपण नाही."

त्या रायगडच्या कोळीवाड्यातून आलेल्या बंदर-इंजिनियर. मी लंडनच्या इल्फर्ड भागातल्या बस ड्रायव्हरची मुलगी, घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली पहिली. मीटिंगमध्ये मी वाक्य अर्ध्यावरच सोडायचे. ताई म्हणायच्या, "तोंडात मासा धरून बसू नकोस. गिळ, नाहीतर टाक."

तेव्हा आमच्याकडे कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटाचं बंदर होतं. पर्यटकांच्या क्रूझ जहाजांसाठी नवा धक्का बांधायचा, मालबोटींचा जुना धक्का वाढवायचा. बेटावर पीठ, औषधं, सगळं मालबोटीनेच येतं. नकाशा तपासताना मला वाटलं, क्रूझ उभी असताना मालबोटीला वळायला जागा पुरणार नाही. क्रूझ जाईपर्यंत ती बाहेरच ताटकळेल. तीनदा मोजलं. तरी दिवसभर गप्प राहिले, कारण नकाशा खुद्द ताईंचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेटाच्या सरकारची नकाशाला मंजुरी मिळणार होती. सकाळी चहाच्या वेळी कसंबसं बोलले. "ताई, बहुतेक माझंच चुकलं असेल, पण…"

त्या ऐकत होत्या. मग पुठ्ठ्याची बोट कापून बराच वेळ नकाशावर फिरवत राहिल्या.

"माझं चुकलं गं. क्रूझचा धक्का रिकामा धरून मोजलं मी. काल का नाही बोललीस?"

"तुमचा नकाशा होता."

"म्हणून काय बोट वळेल?"

त्यांनी मंजुरी स्वतःहून थांबवली. क्रूझचा धक्का सरकवून आम्ही नवा नकाशा केला. मग मोठ्या पडद्यांवर बंदर दिसतं त्या सिम्युलेटरवर चाचणी झाली. जहाजं बंदरात आणणारा बेटावरचा म्हातारा पायलट मुद्दाम आला होता. पडद्यावर क्रूझ उभी, पूर्वेचा वारा जोरात. त्याने मालबोट वळवली आणि अलगद धक्क्याला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी मला दंडाला धरून पुढे ढकललं. "हिने माझी चूक काढली!" इतक्या अभिमानाने कोणी स्वतःची चूक सांगताना मी पाहिलं नव्हतं.

बंदर सुरू झालं तोवर ताई रिटायर होऊन गावी परतल्या होत्या. पायलटने आम्हा दोघींना व्हिडिओ पाठवला. एका धक्क्याला पांढरीशुभ्र क्रूझ, दुसऱ्याला मालबोट, पिठाची पोती उतरत होती. लगेच ताईंचा फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला, कारण पप्पाही व्हिडिओ बघत होते.

"यातली तुझी बोट कुठली?" पप्पांनी मला विचारलं.

मी उत्तर देणार, तेवढ्यात फोनमधून ताईच ओरडल्या, "दोन्ही हो, दोन्ही!"